एक आवाज, दोन माध्यमं: चिक हर्न गेल्यावर लेकर्सच्या कॉमेंट्रीचं काय झालं

लॉस एंजेलिस लेकर्स ही बास्केटबॉल टीम म्हटली की मॅजिक, करीम, कोबी, शॅक या खेळाडूंची नावं येतात आणि ती यायलाच पाहिजेत, पण त्या शहरातल्या साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या माणसाला विचारलंत तर तो यांच्याबरोबर, कधी कधी यांच्याही आधी, चिक हर्नचं नाव घेईल. चिक एकही मॅच खेळला नाही लेकर्सकडून. तो कॉमेंटेटर होता. १९६१ ते २००२, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, लेकर्सची मॅच टीव्हीवर बघा की रेडिओवर ऐका, आवाज त्याचाच. आणि इथेच या प्रकरणाचा गाभा आहे, कारण बाकीच्या बहुतेक टीम्समध्ये टीव्हीचा माणूस वेगळा आणि रेडिओचा वेगळा असायचा, लेकर्सनी मात्र दोन्हीकडे एकच कॉमेंट्री सोडायची पद्धत ठेवली, ज्याला तिकडे सायमलकास्ट म्हणतात. एवढी वर्षं ती चालली ती एका माणसाच्या जोरावर. तो माणूस गेला तेव्हा टीमला एक कॉमेंटेटर नाही तर अख्खी व्यवस्था नव्याने उभी करावी लागली, आणि ती नीट बसायला जवळजवळ दहा वर्षं गेली.

सुरुवात बघू. लेकर्स १९६० मध्ये मिनियापोलिसहून लॉस एंजेलिसला आले. एल्गिन बेलर टीममध्ये होता, जेरी वेस्ट पहिल्याच मोसमात होता, तरी स्पोर्ट्स अरीनात खुर्च्या रिकाम्या. शहराला बास्केटबॉल कॉलेजचं माहीत होतं, प्रोफेशनल लीगचं फारसं कोणाला पडलेलं नव्हतं, आणि टीमकडे नियमित रेडिओ कॉमेंट्रीसुद्धा नव्हती. मार्च १९६१ मध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, सेंट लुईस हॉक्सबरोबर सिरीज चालू होती, तेव्हा मालक बॉब शॉर्टने चिकला सांगितलं की सेंट लुईसला जा आणि पाचवा गेम रेडिओवरून कर. चिक त्या वेळी लॉस एंजेलिसमध्ये नवखा नव्हता, १९५६ पासून तो तिथे होता, तिथल्या यूएससी विद्यापीठाच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल मॅचेस करायचा, त्याआधी इलिनॉयमधल्या पिओरियाच्या रेडिओवर तयार झालेला. त्याने तो गेम केला, आणि टीम सहाव्या गेमला घरी परतली तेव्हा गर्दी एकदम वाढलेली. सिरीज लेकर्स सातव्या गेममध्ये हरले, पण शॉर्टला जे कळायचं ते कळलं आणि पुढच्या मोसमापासून चिक कायमचा झाला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्या शहरात मॅच लोकप्रिय झाली म्हणून कॉमेंटेटर आला असं नाही झालं, कॉमेंटेटर आला म्हणून लोक मॅचला यायला लागले. त्यामुळे टीम आणि त्याचं नातं पहिल्यापासूनच वेगळं होतं. १९६५ मध्ये जॅक केंट कुकने टीम विकत घेतली, १९६७ च्या अखेरीस इंगलवुडमध्ये फोरम हे टीमचं नवं अरीना उघडलं, आणि कुकच्या काळात तर चिक असिस्टंट जनरल मॅनेजरही होता. म्हणजे तो टीमचाच माणूस. तरीसुद्धा लेकर्सचा खेळाडू आळशीपणे बॉल टाकून बसला की चिक मायक्रोफोनवर सरळ सांगायचा, लपवाछपवी नाही. टीमच्या पगारावर असलेला कॉमेंटेटर टीमची आरती ओवाळणार असा आपला समज असतो, चिकच्या बाबतीत लोकांचा विश्वास उलट यातूनच बसला की हा माणूस आपल्याशी खोटं बोलत नाही.

आता त्याची पद्धत. बास्केटबॉलची रेडिओ कॉमेंट्री किती अवघड असते याचा अंदाज क्रिकेट ऐकत वाढलेल्या माणसाला पटकन येत नाही. क्रिकेटमध्ये बॉल टाकून झाला की वेळ असतो, वारा, ढग, पॅव्हेलियन, स्कोअर, सगळं सांगून होतं. बास्केटबॉलमध्ये चोवीस सेकंदांत अॅटॅक संपवायचा असतो आणि त्यात पाच पास, दोन स्क्रीन म्हणजे सहकाऱ्यासाठी डिफेंडरची वाट अडवणं, बास्केटकडे एक ड्राइव्ह होऊन जाते. चिक हे सगळं सांगायचा. बॉल कोणाकडे, कोर्टच्या कुठल्या बाजूला, बास्केटपासून किती फुटांवर, अंगावर कोण आहे, तो ड्रिबल करतोय की थांबलाय, किती वेळ उरलाय, स्कोअर काय. डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोर्ट दिसत राहायचं. आपण जे सांगतो ते शब्दांतून दिसलं पाहिजे, हा त्याचा आग्रह होता.

आणि हेच, अगदी हेच, टीव्हीवर पण जायचं. म्हणजे ज्याला स्क्रीनवर दिसतंय त्यालाही सांगितलं जायचं की बॉल डाव्या बाजूला जेरी वेस्टकडे आहे. टीव्हीच्या नेहमीच्या नियमाने हे जास्तीचं बोलणं, चित्र दिसत असताना गप्प बसावं असं टीव्हीवाले शिकवतात. लॉस एंजेलिसच्या लोकांना मात्र त्याची सवय लागली, नुसती सवय नाही, लोकांना तेच हवं होतं. त्यामागे एक साधं कारण पण आहे. तिकडे बरीच वर्षं घरच्या मैदानावरचे गेम्स लोकल टीव्हीवर नसायचेच, तिकीटविक्री पडेल या भीतीने. बाहेरगावचे गेम्स टीव्हीवर, घरचे रेडिओवर. १९८५ मध्ये टीमचा तेव्हाचा मालक जेरी बसने केबलवाल्या बिल डॅनियल्सबरोबर प्राइम टिकट हे चॅनल काढलं तेव्हा घरचे गेम्स केबलवर नियमित यायला लागले. तोपर्यंत एकाच टीमचा चाहता आज टीव्हीवर, परवा रेडिओवर, तेरवा गाडीत असा फिरत असायचा, आणि तिन्हीकडे एकच आवाज, एकच लय. आपल्याकडे दूरदर्शनचा आवाज बंद करून शेजारी ट्रान्झिस्टर लावायचे ना लोक, तसं तिथे वेगळं करायची गरजच नव्हती, ट्रान्झिस्टर टीव्हीच्या आतच बसवला होता जणू. फायनल्सला मात्र टीव्हीचे हक्क राष्ट्रीय नेटवर्ककडे असायचे आणि चिक फक्त रेडिओवर, तेव्हा मग टीव्ही म्यूट करून रेडिओवर चिकला ऐकणारे भरपूर होते.

त्याचे शब्दप्रयोग तर अख्ख्या खेळात पसरले. स्लॅम डंक म्हणजे उडी मारून बॉल थेट बास्केटमध्ये कोंबणं, एअर बॉल म्हणजे रिंगलाही न लागता हुकलेला बॉल, हे शब्द रूढ करण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. मॅच हातात आली, आता समोरचे परत येत नाहीत अशी खात्री झाली की तो म्हणायचा, ही मॅच आता फ्रिजमध्ये गेली, दार बंद झालं, लाईट गेले, अंडी गार होतायत, लोणी घट्ट होतंय आणि जेली थरथरतीये. हे म्हणायची त्याची वेळ बघण्यासाठी लोक थांबायचे, आणि त्याने म्हटलं की पार्किंगकडे निघायचे.

शिवाय सातत्य. २० नोव्हेंबर १९६५ ला तो एका कॉलेज फुटबॉल मॅचसाठी आर्कान्साला गेला होता आणि खराब हवामानामुळे अडकला, लेकर्सचा गेम चुकला. दुसऱ्या दिवसापासून, २१ नोव्हेंबर १९६५ पासून, १६ डिसेंबर २००१ पर्यंत त्याने एकही गेम चुकवला नाही. ३,३३८ गेम्स सलग. छत्तीस वर्षं. या काळात आजारपणं, घरातली दुःखं, प्रवास, सगळं आलंच असणार, पण गेमला तो होता. या आकड्याचं कौतुक सगळे करतात आणि ते बरोबरच आहे, पण केस म्हणून बघितलं तर याच आकड्यात पुढची अडचण लपलेली आहे. छत्तीस वर्षं दुसऱ्या कोणाला मायक्रोफोनसमोर बसून गेम चालवायची वेळच आली नाही. पर्यायी माणूस तयार होणार कसा? टीमला कळणार कसं की चिक नसेल तेव्हा काय ऐकू येतं?

शेजारच्या खुर्चीतले लोक

मी या प्रकरणात सगळ्यात जास्त रमतो ते चिकच्या शेजारच्या खुर्चीत. तिकडे मुख्य कॉमेंटेटरबरोबर एक कलर कॉमेंटेटर असतो, बहुतेक वेळा जुना खेळाडू, तो प्ले का झाला, कोण चुकला ते उलगडून सांगतो. चिकबरोबर हे काम म्हणजे मोठी परीक्षा, कारण चिक एवढं भरभरून बोलायचा की मध्ये शिरायला जागा किती मिळणार. १९६७ मध्ये तिथे एका तरुणाला घेतलं, अल मायकल्स त्याचं नाव, आणि थोड्याच गेम्सनंतर तो बाहेर. तोच अल मायकल्स पुढे अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेल्या स्पोर्ट्स कॉमेंटेटर्सपैकी एक झाला, १९८० च्या ऑलिम्पिकमधली अमेरिका-सोव्हिएत आइस हॉकीची मॅच त्यानेच केली. म्हणजे माणसात कमतरता नव्हती, त्या खुर्चीत त्याच्यासाठी जागा नव्हती.

मग आला हॉट रॉड हंडली, स्वतः लेकर्सचा जुना खेळाडू, दोनेक मोसम बसला आणि चिककडून बरंच काही उचलून गेला. त्याच्याकडे पुढे परत येतो. नंतर यूसीएलए विद्यापीठाकडून खेळलेला लिन शॅकलफर्ड, सात वर्षं. मग पॅट रायली. हो, तोच. १९७७ पासून रायली चिकशेजारी बसून कॉमेंट्री करत होता. नोव्हेंबर १९७९ मध्ये लेकर्सचे कोच जॅक मॅकिनी सायकलवरून पडून गंभीर जखमी झाले, त्यांचा असिस्टंट पॉल वेस्टहेड कोच झाला आणि त्याला स्वतःला असिस्टंट हवा होता, त्याने रायलीला कॉमेंट्रीच्या टेबलावरून उचलून बेंचवर आणलं. दोन वर्षांत रायली हेड कोच, आणि मग चार चॅम्पियनशिप. कॉमेंट्रीच्या टेबलावर रोज रात्री खेळ वाचायला आणि थोडक्यात बोलायला लागायचं, ते त्याला कोच म्हणून कामी आलं असणार असं मला मनापासून वाटतं.

रायली गेल्यावर कीथ एरिक्सन १९८७ पर्यंत, आणि मग स्टू लँट्झ. लँट्झ सत्तरच्या दशकात लेकर्सकडून खेळलेला गार्ड. त्याने चिकशी स्पर्धा केली नाही. चिक श्वास घेतो कुठे ते त्याने ओळखलं, फ्री थ्रोच्या वेळी, टाइमआउटच्या आधी, रिप्लेवर, आणि त्या फटीत तो एक वाक्य टाकायचा आणि ते वाक्य कामाचं असायचं. पंधरा मोसम तो चिकबरोबर होता. हे नाव लक्षात ठेवा.

डिसेंबर २००१ ते ऑगस्ट २००२

डिसेंबर २००१ मध्ये चिकच्या हृदयाच्या झडपेत अडथळा निघाला आणि ऑपरेशन करावं लागलं. वय ८५. सलग गेम्सची मालिका तिथे थांबली. बरा होत असतानाच फेब्रुवारीत पडून कंबरेचं हाड मोडलं. दुसरा कोणी असता तर तिथेच निवृत्त झाला असता, पण ९ एप्रिल २००२ ला युटा जॅझविरुद्धच्या गेमला तो परत मायक्रोफोनसमोर, आणि मग प्लेऑफ, आणि १२ जून २००२ ला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध चौथा गेम जिंकून लेकर्सनी सलग तिसरी चॅम्पियनशिप घेतली ती त्यानेच सांगितली. लॉस एंजेलिसमधलं लेकर्सचं नववं विजेतेपद, आणि नऊच्या नऊ त्याच्या आवाजात. तो त्याचा शेवटचा गेम ठरला. ऑगस्टच्या सुरुवातीला एन्सिनोच्या घरी पडला, डोक्याला मार लागला, आणि ५ ऑगस्ट २००२ ला गेला.

त्याच्या आजारपणात जागा भरली पॉल संडरलंडने. हा माणूस १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकन टीममधला, नंतर टीव्ही स्पोर्ट्समध्ये आलेला. चिक गेल्यावर कायमची जागा त्यालाच दिली. आणि इथे टीमसमोर खरा प्रश्न उभा राहिला जो आधी कधी आलाच नव्हता: सायमलकास्ट चालू ठेवायचं का?

विचार करून बघा. सायमलकास्ट हा लेकर्सचा नियम नव्हताच, तो चिकचा गुण होता. रेडिओला पुरेल एवढं बोलायचं आणि तरी टीव्हीवाल्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे जमणारी माणसं हाताच्या बोटांवर. संडरलंडसारख्या टीव्हीत तयार झालेल्या माणसाला रेडिओएवढं बोलायला लावलं तर तो चिकची नक्कल वाटणार, आणि टीव्हीसारखं कमी बोलू दिलं तर गाडीत ऐकणाऱ्याला काही कळणार नाही. शेवटी दोन्ही वेगळे झाले. टीव्हीवर संडरलंड आणि लँट्झ, रेडिओवर जोएल मायर्स, आणि रेडिओच्या दुसऱ्या खुर्चीत लवकरच मायकल थॉम्पसन आला, १९८७ आणि १९८८ च्या चॅम्पियन टीममधला. माझ्या मते निर्णय अगदी योग्य. दुसरा रस्ता नव्हता.

पण लोकांच्या कानाचं काय? तीन वर्षांत २००५ ला संडरलंडचा करार वाढवला नाही. मायर्स रेडिओवरून टीव्हीवर आला, रेडिओवर तरुण स्पेरो डेडेस. २०११ मध्ये परत सगळं हललं, मायर्स गेला, डेडेस न्यूयॉर्क निक्सकडे गेला, टीव्हीवर बिल मॅकडॉनल्ड आणि रेडिओवर जॉन आयर्लंड आले. म्हणजे चाळीस वर्षं एक माणूस, आणि पुढच्या दहा वर्षांत टीव्हीवर तिसरा आणि रेडिओवरही तिसरा. संडरलंडवर तेव्हा जी टीका झाली त्यातली बरीचशी अन्यायाची होती असं मला वाटतं. तो चांगला कॉमेंटेटर होता, त्याचा दोष एवढाच की चिकनंतर लगेच तो होता आणि टीमने मध्ये कोणतंही अंतर, कोणतीही तयारी ठेवली नव्हती. चिक ऐंशीच्या पुढे गेला होता, आठवड्यातला एखादा गेम तरी दुसऱ्याने करायला दहा वर्षं आधी सुरुवात करता आली असती. चिकला ते आवडलं नसतं हे उघड आहे, सलग गेम्सची मालिका मोडली असती, आणि त्याला हे सांगायची हिंमत टीममध्ये कोण करणार. समजू शकतो. तरी ती चूकच.

तुलनेला बोस्टन बघा, लेकर्सचा जन्माचा प्रतिस्पर्धी. तिथल्या सेल्टिक्स टीमचा जॉनी मोस्ट १९५३ पासून १९९० पर्यंत रेडिओवर, घोगरा आवाज, सेल्टिक्सची उघड बाजू घेणारा, १९६५ मध्ये सेल्टिक्सच्या हॅवलिचेकने बॉल चोरला तेव्हाचा त्याचा आरडाओरडा आजही लोकांना पाठ आहे. लोकप्रियता चिकएवढीच. पण शेवटच्या दशकात बोस्टनची टीव्ही कॉमेंट्री वेगळ्याच जोडीकडे होती, माइक गॉर्मन आणि टॉमी हाइन्सन, १९८१ पासून. त्यामुळे १९९० मध्ये तब्येतीमुळे मोस्टने रेडिओ सोडला तेव्हा रेडिओवर ग्लेन ऑर्डवे आला, पोकळी जाणवली, पण टीव्हीवर काहीच हललं नाही. धक्का अर्ध्या घरालाच बसला.

आणि युटा. तिथे हॉट रॉड हंडली, चिकच्या शेजारी बसून गेलेला तोच. न्यू ऑर्लीन्सला जॅझ टीम निघाली १९७४ मध्ये तेव्हापासून तो त्यांचा आवाज, टीम सॉल्ट लेक सिटीला गेली तर तोही गेला, आणि त्यानेही चिकसारखंच टीव्ही-रेडिओ एकत्र केलं. पण २००५ मध्ये जॅझने दोन्ही वेगळे केले, टीव्ही क्रेग बोलरजॅककडे गेलं आणि हंडली रेडिओवर राहिला, २००९ ला निवृत्त झाला. म्हणजे चार वर्षं लोकांना नवा आवाज टीव्हीवर आणि जुना रेडिओवर असे दोन्ही मिळाले. हंडलीला टीव्ही सुटल्याचं वाईट वाटलं असेल, वाटणारच, पण ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने ही वाट जास्त सोपी होती. लेकर्सच्या प्रसंगातून जॅझ काही शिकले का ते मी ठामपणे म्हणणार नाही, फक्त क्रम बघा, २००२ आणि मग २००५.

लेकर्समध्ये तोवर पैशाचा खेळही बदलला. रेडिओ २००९ मध्ये जुन्या ५७० एएम स्टेशनवरून ७१० ईएसपीएन स्टेशनवर गेला. २०११ मध्ये टाइम वॉर्नर केबलबरोबर वीस वर्षांचा टीव्ही करार झाला, तेव्हाच्या बातम्यांत ३ अब्ज डॉलरचा आकडा येत होता, आणि २०१२ पासून लेकर्ससाठी वेगळं चॅनल, त्याच्या जोडीला स्पॅनिशमधलं दुसरं चॅनल. सुरुवातीला बाकीच्या केबल आणि डिश कंपन्यांशी भाव जमेना, डायरेक्टटीव्हीच्या ग्राहकांना नोव्हेंबर २०१२ च्या मध्यापर्यंत स्वतःच्याच शहराची टीम दिसत नव्हती. फुकटच्या चॅनलवर बाहेरगावचे गेम्स बघत वाढलेल्या पिढीला हे फार लागलं. अशा वेळी ज्यांच्याकडे चॅनल नव्हतं त्यांनी परत रेडिओ लावला, आणि आता रेडिओचा स्वतःचा स्वतंत्र कॉमेंटेटर होता, पूर्ण वर्णन करणारा, हा त्या वेगळं करण्याचा खरा फायदा.

आता लँट्झकडे येतो. टीव्हीवर संडरलंड आला, लँट्झ तिथेच. मायर्स आला, लँट्झ तिथेच. मॅकडॉनल्ड आला, तरी तोच. चॅनल बदललं, त्याची मालकी बदलून नाव स्पेक्ट्रम झालं, कोबी निवृत्त झाला, लेब्रॉन आला, हा शेजारच्या खुर्चीत. या प्रकरणावर जे काही लिहिलं जातं त्यात सगळा प्रश्न 'चिकची जागा कोण घेणार' असाच मांडतात, आणि त्या बाजूने बघितलं तर उत्तर निराशेचंच येतं कारण ती जागा कोणी घेऊच शकत नव्हतं. माझं म्हणणं असं की घर सावरलं ते दुसऱ्या खुर्चीने. नव्या मुख्य कॉमेंटेटरला पहिल्या दिवशी लोक परके समजतात, पण त्याच्या बाजूने ओळखीचा माणूस बोलतो, त्याच्या बोलण्यावर हसतो, त्याला जागा देतो, तेव्हा घरातल्यांनाही तो हळूहळू आपला वाटायला लागतो. चिकच्या काळात लँट्झ फटीत बोलायचा, नंतर त्याचं बोलणं वाढलं, विश्लेषण मोकळं झालं, आणि ज्यांना चिक ऐकायला मिळाला नाही अशा मुलांसाठी लेकर्सचा ओळखीचा आवाज म्हणजे लँट्झ झाला. टीमने हे ठरवून केलं असेल किंवा नसेल, पण तीन-तीन मुख्य कॉमेंटेटर बदलताना त्याला हलवलं नाही हा त्यांचा या सगळ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय.

चिकला नंतर मान भरपूर मिळाला. २००३ मध्ये बास्केटबॉलचं हॉल ऑफ फेम, टीमच्या तेव्हाच्या स्टेपल्स सेंटरमधल्या, म्हणजे आताच्या क्रिप्टो डॉट कॉम अरीनातल्या, प्रेस रूमला त्याचं नाव, शेजारच्या रस्त्याला नाव, २०१० मध्ये अरीनाबाहेर पुतळा, टेबलावर बसलेला, हेडफोन लावलेला. खेळाडूंच्या निवृत्त जर्सींच्या रांगेत नंबराच्या जागी मायक्रोफोन असलेलं एक बॅनर पण आहे. मॅकडॉनल्ड आणि आयर्लंड दोघांची आता दहा वर्षांहून जास्त झाली, लोक त्यांना त्यांच्या स्वतःच्या आवाजासाठी ओळखतात, टीव्हीवाला टीव्हीचं करतो, रेडिओवाला रेडिओचं. पुतळ्याच्या बाजूला एक रिकामी खुर्ची ठेवलेली आहे, लोक तिथे बसून फोटो काढतात.